पंच्याण्णव टक्के, पण कोणाच्या तुलनेत?

२०१३ च्या जुलैमध्ये बारा तज्ज्ञ लंडनमध्ये एकत्र बसले. त्यांच्यापुढे निकोटीन देणाऱ्या बारा प्रकारच्या वस्तूंची यादी होती. त्यात सिगारेट, सिगार, पाइप आणि हुक्का होते, स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवतात ती तंबाखू होती, ई-सिगारेट आणि निकोटीनचा पॅचही होता. प्रत्येक वस्तूमुळे वापरणाऱ्याचं आणि त्याच्या आसपासच्यांचं किती नुकसान होतं याचे गुण चौदा निकषांवर द्यायचे होते. मृत्यू, आजार, व्यसन, घरखर्चावर येणारा ताण, पर्यावरणाची हानी असे ते निकष होते. चर्चा झाली, गुण खाली-वर झाले, कोणत्या निकषाला किती वजन द्यायचं ते ठरलं आणि बेरीज मांडली गेली. सिगारेटला जवळपास १०० गुण मिळाले, ई-सिगारेटला ४.

या उपक्रमामागे डेव्हिड नट हे मेंदू आणि औषधं यांचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. २०१४ मध्ये निबंध छापून आला. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत, बहुतेक निकषांवर ठोस पुरावा हाताशी नाही, हे लेखकांनी त्यातच लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१५ मध्ये, ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या सरकारी संस्थेने ई-सिगारेटवरचा अहवाल प्रसिद्ध केला आणि जाहीर केलं की व्हेपिंग, म्हणजे ई-सिगारेट ओढणं, हे धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. हा आकडा वर्तमानपत्रांत गेला, दवाखान्यांतल्या पत्रकांवर गेला, दुकानांच्या काचांवरही गेला. लेखकांनी लिहिलेली ती कबुली मात्र त्याच्याबरोबर गेली नाही.

‘लॅन्सेट’ने त्याच महिन्यात संपादकीय लिहून या आकड्याचा पायाच काढला. हा मोजणीतून आलेला आकडा नाही, मोजक्या लोकांचं मत आहे आणि त्यांतल्या काहींचे उद्योगाशी संबंध आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. २०१६ मध्ये लंडनच्या ‘रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने तरीही जवळपास तेच म्हटलं: व्हेपिंगचे दूरगामी दुष्परिणाम धूम्रपानाच्या पाच टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी आहे. हे मत हलकं घेता येत नव्हतं, कारण याच संस्थेने १९६२ मध्ये धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध सरकारपुढे ठणकावून मांडला होता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने पुन्हा लिहिलं की २०१३ चा तो अंदाज आता वापरू नये, कारण दरम्यान उपकरणं बदलली, द्रव बदलले, वापरणारेही बदलले.

मला यातल्या दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर वाटतात. ९५ हा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेत मोजलेला नाही आणि तो मोजल्यासारखा वापरणं चुकीचं आहे. पण तो ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा बरोबर आहे, आणि तिचा पुरावा त्या बैठकीत नसून दुसरीकडे आहे.

तो पुरावा जळण्यात आहे. पेटत्या सिगारेटच्या टोकाशी झुरका घेताना तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. तंबाखूचं पान जळतं आणि त्या धुरात हजारो रसायनं तयार होतात. त्यांतली सत्तरेक कर्करोग निर्माण करणारी म्हणून ओळखली जातात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसात चिकटून बसणारं डांबरही. माणूस निकोटीनसाठी ओढतो आणि डांबराने मरतो, ही मांडणी मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्येच केली होती. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर तापणारी तारेची छोटी कॉईल असते. तिच्याभोवतीच्या कापसात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि चवीची रसायनं यांचं मिश्रण भिजलेलं असतं. कॉईल तापली की त्या द्रवाचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि तेच छातीत ओढले जातात. हे उपकरण आजच्या रूपात २००३ मध्ये चीनमध्ये होन लिक या औषधशास्त्रज्ञाने घडवलं. तो स्वतः सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते.

जळणं नाही म्हणजे विष नाही, असं मात्र होत नाही. पोलंडच्या मचेज गोनिएविच यांनी सहकाऱ्यांसह बारा प्रकारच्या ई-सिगारेटींच्या वाफेत काय काय सापडतं ते मोजून २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन आणि तंबाखूतली खास नायट्रोसमाइन्स, सगळी हजर होती. प्रमाण मात्र सिगारेटच्या धुरापेक्षा ९ ते ४५० पटींनी कमी होतं. त्याहून महत्त्वाची मोजणी माणसांच्या शरीरात झाली. २०१७ मध्ये लायन शहाब आणि सहकाऱ्यांनी १८१ जणांची लाळ आणि लघवी तपासली. सिगारेट पूर्ण सोडून दीर्घकाळ फक्त ई-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात निकोटीन जवळपास धूम्रपान करणाऱ्यांइतकंच होतं. पण एका प्रमुख कर्करोगकारक नायट्रोसमाइनची खूण त्यांच्यात ९७ टक्क्यांनी कमी होती.

याच अभ्यासातला एक निष्कर्ष दुकानाच्या काचेवर कधी लागत नाही. जे दोन्ही ओढत होते, म्हणजे ऑफिसात व्हेप आणि बाहेर सिगारेट, त्यांच्या शरीरातली विषं नुसती सिगारेट ओढणाऱ्यांच्या बरोबरीचीच होती. व्हेप वापरणाऱ्यांत अशा दुहेरी लोकांची संख्या मोठी असते. ‘मी कमी केलंय’ असं ते मनापासून म्हणतात. त्यांचं शरीर तसं सांगत नाही.

आता दुसऱ्या बाजूने पुरावा कसा ताणला गेला ते पाहू. हा भाग तपशिलात पाहावा लागतो.

जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांचं एक छोटं पत्र छापून आलं. त्यांनी ई-सिगारेट यंत्राला जोडून ३.३ व्होल्ट आणि ५ व्होल्ट अशा दोन पातळ्यांवर चालवली. कमी व्होल्टवर त्यांना फॉर्मल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत. ५ व्होल्टवर इतकी सापडली की त्यांच्या हिशेबाने आयुष्यभराचा कर्करोगाचा धोका सिगारेटच्या पाच ते पंधरा पट निघाला. जगभर बातमी झाली ती या पंधरा पटींची.

उपकरण बेसुमार तापलं आणि कापूस कोरडा पडला की द्रव उडण्याऐवजी करपतो. फोडणी करपली की पहिल्या घासालाच जिभेला कळतं. तसाच इथे ओढणाऱ्याच्या घशाला तिखट, जळका ठसका बसतो आणि तो झुरका सोडतो. यंत्राला घसा नसतो. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी अनुभवी व्हेपर्सना तशाच प्रकारचं उपकरण ओढायला देऊन हेच दाखवून दिलं: फॉर्मल्डिहाइड प्रचंड वाढतं ते नेमकं त्या करपलेल्या झुरक्यांमध्ये, जे माणसाला सहन होत नाहीत. पोर्टलंडच्या शास्त्रज्ञांचं मोजमाप खोटं नव्हतं. त्या मोजमापावरून माणसाच्या आयुष्याचा हिशेब काढणं चुकीचं होतं. फार्सालिनोस यांच्या काही जुन्या अभ्यासांना ई-सिगारेट कंपन्यांचे पैसे संस्थेमार्फत मिळाले होते, हेही इथे सांगायला हवं. त्यामुळे त्यांचा प्रयोग चुकीचा ठरत नाही, पण वाचकाला ते माहीत असायला हवं.

‘पॉपकॉर्न लंग’ची कथा अशीच आहे. २००० साली अमेरिकेच्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना श्वासनलिकेच्या सूक्ष्म फांद्या कायमच्या बुजवणारा आजार झाल्याचं उघड झालं. लोण्याचा वास देणाऱ्या डायअ‍ॅसिटिलवर संशय गेला. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ चवींच्या ई-सिगारेटी तपासल्या, तर ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल होतं. तिथून ‘व्हेप केलं की पॉपकॉर्न लंग होतो’ हे वाक्य पालकांच्या ग्रुपवर पोहोचायला वेळ लागला नाही. सिगारेटच्या धुरात डायअ‍ॅसिटिल याहून कितीतरी जास्त असतं आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा आजार ओळखला गेलेला नाही, हे त्या वाक्यात नसतं. ब्रिटनमध्ये २०१६ पासून ई-द्रवात डायअ‍ॅसिटिल घालायला बंदी आहे, हेही नसतं. याचा अर्थ चवींची रसायनं फुप्फुसाला निर्धोक आहेत असा नाही. खायला चालणारी चव फुप्फुसात ओढायला चालतेच असं नाही. कॅनडात २०१९ मध्ये व्हेपिंग करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकांना याच प्रकारची गंभीर इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं गेलं. तो चवींची काडतुसं वापरत होता आणि त्यात गांजातला टीएचसी हा घटकही होता. एका रुग्णावरून साथ सिद्ध होत नाही, आणि तो रुग्ण खोटाही ठरत नाही.

पण ज्या घटनेने जगाचं मत बनवलं ती २०१९ च्या उन्हाळ्यातली. विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या अमेरिकी राज्यांत तरुण, एरवी धडधाकट मुलं धाप, ताप आणि उलट्या घेऊन रुग्णालयात येऊ लागली. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर पांढुरकी झाक दिसत होती. जंतुसंसर्ग सापडत नव्हता. काहींना थेट व्हेंटिलेटर लागला. सगळ्यांत एकच गोष्ट समान होती, ती म्हणजे व्हेपिंग. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. या आजाराला दिलेल्या अधिकृत नावातच ई-सिगारेट आणि व्हेपिंग हे शब्द होते.

कारण शोधायला काही महिने लागले आणि तो शोध फार चांगल्या पद्धतीने झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, १६ राज्यांतल्या ५१ रुग्णांची फुप्फुसं सलाइनने धुऊन तो द्राव तपासला. त्यांतल्या ४८ जणांच्या द्रावात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांमध्ये, त्यांत नेहमीची निकोटीनची ई-सिगारेट ओढणारेही होते, ते सापडलं नाही. हे तेलकट संयुग निकोटीनच्या द्रवात घालत नाहीत. काळ्या बाजारात गांजाच्या तेलाची काडतुसं भरणारे लोक तेल दाट दिसावं आणि कमी मालात जास्त काडतुसं भरावीत म्हणून ते मिसळत होते. त्वचेवर चोळायला किंवा गोळीतून गिळायला हा पदार्थ निरुपद्रवी असतो. गरम करून श्वासात घेतला की मरणही ओढवू शकतं.

सीडीसीने तेव्हा एक सावध वाक्य लिहिलं होतं: व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचा या साथीशी घट्ट संबंध आहे, पण दुसरं कुठलंही रसायन यात नव्हतंच असं म्हणण्याइतका पुरावा नाही. सुमारे सातांपैकी एका रुग्णाने आपण फक्त निकोटीन ओढल्याचं सांगितलं होतं. त्यांतले काही खरं बोलत असतील, तर काही गांजा बेकायदा असलेल्या राज्यातली मुलं आईवडिलांसमोर डॉक्टरांना उत्तर देत असतील. हे प्रश्न शिल्लक आहेतच. पण २०१० पासून कोट्यवधी लोक निकोटीनची ई-सिगारेट ओढत होते आणि अशी साथ ब्रिटनमध्ये, युरोपात कुठे आली नव्हती. भेसळ थांबली तशी अमेरिकेतली साथही ओसरली. इतक्या खुणा एका दिशेने जात असताना त्या ६८ मृत्यूंचं खापर सरसकट ‘ई-सिगारेट’वर फोडणं म्हणजे विषारी हातभट्टीच्या दारूने माणसं दगावल्यावर ‘दारूने मेले’ एवढंच म्हणून गप्प बसण्यासारखं होतं. तसं केलं की भेसळ करणारा सुटतो.

हृदयाच्या बाबतीत काय झालं ते पुरावा कसा वाचायचा हे शिकवणारं आहे. जून २०१९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात धर्म भट्टा आणि स्टँटन ग्लांट्झ यांचा अभ्यास आला. ग्लांट्झ हे तंबाखू उद्योगाविरुद्ध आयुष्यभर लढलेलं मोठं नाव. हजारो अमेरिकनांच्या सरकारी पाहणीतून त्यांनी दाखवलं की ई-सिगारेट वापरणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचं प्रमाण जास्त आहे, आणि हा धोका ई-सिगारेटमुळे असल्यासारखी मांडणी केली. लुईव्हिल विद्यापीठाच्या ब्रॅड रोडू यांनी तीच माहिती उघडून तारखा पाहिल्या. कित्येकांना झटका आला होता तो ई-सिगारेट हातात घेण्याच्या अनेक वर्षं आधी. झटका आल्यावर डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सांगितली म्हणून माणूस व्हेपकडे वळला असेल, तर त्याच्या झटक्याचं कारण व्हेप कसं? संपादकांनी लेखकांना तारखा लक्षात घेऊन पुन्हा हिशेब करायला सांगितलं. तो दिलेल्या मुदतीत आला नाही आणि फेब्रुवारी २०२० मध्ये निबंध मागे घेण्यात आला. रोडू यांच्या संशोधनालाही तंबाखू कंपन्यांचा निधी होता. तारखा मात्र कोणाच्या पैशाने बदलत नाहीत.

मग हृदयाला धोका नाही? तसंही नाही. निकोटीन नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवतं, आणि सूक्ष्म कणांचा रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर परिणाम होतो. स्कॉटलंडच्या डंडी शहरात ११४ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात सिगारेट सोडून ई-सिगारेटवर आलेल्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता एका महिन्यात मोजता येईल इतकी सुधारली. हा २०१९ मधलाच अभ्यास. म्हणजे वाफ सिगारेटपेक्षा बरी. पण ज्याने कधीच काही ओढलं नाही त्याच्या तुलनेत ती कशी, हे हा प्रयोग सांगत नाही, कारण त्याने ते विचारलंच नव्हतं. २०२२ मध्ये त्याच सरकारी पाहणीतल्या लोकांचा काही वर्षं पाठपुरावा करून, म्हणजे आधी सवय आणि मग आजार अशा योग्य क्रमाने, दुसरा अभ्यास झाला. फक्त ई-सिगारेट वापरणाऱ्यांमध्ये हृदयविकार न वापरणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे वाढलेला दिसला नाही. दोन्ही ओढणाऱ्यांचा धोका नुसत्या सिगारेटवाल्यांइतकाच निघाला. फक्त ई-सिगारेटवाल्यांत आजारी पडलेल्यांची संख्या इतकी थोडी होती की छाती ठोकून काही म्हणता येत नाही.

इथे काळाची अडचण येते, आणि ती कोणत्याच बाजूला ओलांडता येत नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावल्या पाठवून धूम्रपानाचा अभ्यास सुरू केला. त्याचा पन्नास वर्षांचा निकाल २००४ मध्ये आला: आयुष्यभर ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी मरतो. फुप्फुसाचा कर्करोग होण्यात दोन-तीन दशकं जातात. आजची ई-सिगारेट ज्यांनी सिगारेट न ओढता सुरू केली, त्यांतले बहुतेक अजून तिशीच्या आतबाहेर आहेत. त्यांच्यात कर्करोग दिसत नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. १९२५ मध्ये सिगारेटबद्दलही असंच म्हणता आलं असतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात ५४ आठवडे निकोटीनयुक्त वाफेत ठेवलेल्या ४० उंदरांपैकी ९ उंदरांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. उंदरांचं सगळं अंग वाफेत होतं, संख्या लहान होती आणि उंदीर माणूस नाही. हे आक्षेप रास्तच आहेत. तरी मी तो प्रयोग बाजूला टाकणार नाही. विषांची पातळी कमी असेल तर कर्करोग कमी होतील, हा अंदाज सबळ आहे. पण तो अंदाजच आहे, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने आठशेहून अधिक अभ्यास चाळून तेच नोंदवलं. पूर्णपणे ई-सिगारेटवर गेल्याने विषांशी येणारा संपर्क घटतो, याचा पुरावा त्यांनी निर्णायक म्हटला. दूरगामी परिणामांच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी पुरावा अपुरा किंवा नाहीच, असं लिहिलं.

किशोरवयीन मुलांचा प्रश्न आला की वादाचा सूर चढतो, आणि तो चढायलाच हवा. २०१५ मध्ये अमेरिकेत ‘जूल’ ही ई-सिगारेट बाजारात आली. पेन ड्राइव्हसारखी दिसणारी, आंबा-पुदिन्याच्या चवींची. तिच्यात निकोटीनचं क्षार-रूप होतं, त्यामुळे घशाला न टोचता भरपूर निकोटीन आत जायचं. एका मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅम. युरोपातली कायदेशीर मर्यादा २० आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के विद्यार्थ्यांनी गेल्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं.

ही मुलं पुढे सिगारेटकडे जातात का? ज्या मुलांनी व्हेप करून पाहिलं ती वर्षा-दोन वर्षांत सिगारेट ओढून पाहण्याची शक्यता जास्त, हे अनेक पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दुसरी बाजू म्हणते, जो मुलगा व्हेप उचलतो तोच सिगारेटही उचलला असता, कारण स्वभाव, घर आणि मित्र तेच. शिवाय व्हेपिंग शिगेला असतानाही अमेरिकी मुलांमधली सिगारेट कमी होत राहिली आणि २०२४ मध्ये १.४ टक्क्यांवर आली. व्हेप हे सिगारेटकडे नेणारं मोठं प्रवेशद्वार खरंच असतं तर हा आलेख वर गेला असता. हा युक्तिवाद मला पटतो. पण मुलांच्या बाबतीत तो पुरेसा आहे असं मला वाटत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मेंदूला निकोटीनची सवय लावणं हेच नुकसान आहे, मग पुढे ती सिगारेटकडे जावो वा न जावो. जिने कधी सिगारेट ओढलीच नसती अशा मुलीला ‘सिगारेटपेक्षा कमी घातक’ या वाक्याचा काय उपयोग? तिची तुलना सिगारेटशी नाही, शुद्ध हवेशी करायची. २०२४ मध्ये अमेरिकी शाळकरी मुलांमधलं व्हेपिंग ५.९ टक्क्यांपर्यंत घसरलं. म्हणजे वयाची अट, चवींवरचे निर्बंध आणि जनजागृती यांनी हे उतरवता येतं.

प्रौढ धूम्रपान करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. लंडनच्या पीटर हायेक यांच्या चाचणीत ८८६ जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. एकाला निकोटीनचे पॅच, गम वगैरे, दुसऱ्याला ई-सिगारेट, आणि दोघांनाही समुपदेशन. वर्षाअखेर ई-सिगारेट गटातले १८ टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. पण सुटलेल्यांपैकी ई-सिगारेट गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. पॅच-गम गटात असे ९ टक्केच. २०२४ मध्ये आलेल्या स्वित्झर्लंडच्या चाचणीत हेच आणखी ठळक झालं. १,२४६ जणांपैकी ई-सिगारेट मिळालेल्यांतले २८.९ टक्के सहा महिने तंबाखूपासून दूर राहिले. नुसतं समुपदेशन आणि इच्छेनुसार नेहमीची औषधं घेणाऱ्यांतले १६.३ टक्के. निकोटीनपासूनच पूर्ण मोकळे झालेले मोजले तर क्रम उलटा: २०.१ विरुद्ध ३३.७ टक्के. एकाच चाचणीतून दोन मथळे निघतात आणि दोन्ही खरे असतात. साठीच्या, दम्याने वाकलेल्या माणसाच्या बाबतीत मी पहिला आकडा पाहीन, कारण त्याला डांबर मारतंय.

या वादात इतका अविश्वास का आहे, हे इतिहास पाहिल्यावर कळतं. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकी सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात भेटले, आणि पुढच्या महिन्यात वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन आपण संशोधनाला मदत करू म्हणाले. प्रत्यक्षात त्या संशोधनाचं काम दशकानुदशकं शंका जिवंत ठेवण्याचं होतं. त्याच उद्योगातल्या अल्ट्रिया कंपनीने २०१८ मध्ये १२.८ अब्ज डॉलर मोजून जूलचा ३५ टक्के हिस्सा घेतला. ज्यांनी तो काळ पाहिला ते ‘कमी घातक’ हा शब्द ऐकताच सावध होतात. ‘लाइट’ सिगारेटही कमी घातक म्हणूनच विकली गेली होती. हा संशय कमावलेला आहे. पण संशय हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि ग्लांट्झ यांच्या निबंधाचं तिथेच चुकलं.

आता आपल्याकडे. १८ सप्टेंबर २०१९ ला, अमेरिकेतली साथ ऐन भरात असताना, भारत सरकारने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर वटहुकमाने बंदी घातली. वर्षअखेर त्याचा कायदा झाला. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. ओढणाऱ्याला शिक्षा नाही. त्याआधी मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. मुलांपर्यंत हे लोण पोहोचण्याआधी दार बंद करावं हा विचार समजण्यासारखा आहे, आणि तेव्हा आपल्याकडे ई-सिगारेट ओढणारे नगण्यच होते.

पण ब्रिटनमधला वाद जसाच्या तसा इथे आणला की तुलनेचा पायाच बदलतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. एकूण प्रौढांपैकी धूर काढणारे अवघे ३.८ टक्के, आणि तोंडातून घेणारे २४.४ टक्के; काही जण दोन्ही घेणारे. आपली तंबाखू म्हणजे मळलेली तंबाखू-चुना, मिश्री, मावा, विदर्भातला खर्रा, आणि २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण टाटा रुग्णालयात रांगा लावतात ते यामुळे. दात घासायच्या मिश्रीची सवय लागलेल्या सातारच्या बाईला लंडनच्या सिगारेटशी केलेली ९५ टक्क्यांची तुलना लागूच होत नाही. बीडी ओढणाऱ्या शेतमजुराला ती लागू होऊ शकेल. पण बीडीच्या एका पुड्याला जे पैसे पडतात त्यात त्याला कुणी व्हेप देणार नाही. इथे व्हेप विकत घेतो तो पुण्या-मुंबईच्या कॉलेजातला मुलगा, आणि त्याच्या बाबतीत तुलना शुद्ध हवेशीच करायला हवी.

बंदीनंतरही रंगीबेरंगी, एकदा वापरून टाकायचे व्हेप शहरांत चोरून विकले जातात. त्यांत निकोटीन किती, द्रवात काय मिसळलंय, हे तपासायची कुठलीही यंत्रणा नाही, कारण कायद्यापुरती ती वस्तू अस्तित्वातच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतली माणसं नेमक्या अशाच, कुणीही न तपासलेल्या काडतुसांनी दगावली होती. म्हणून जप्त केलेला माल नुसता नष्ट न करता त्याचे नमुने अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळांत गेले पाहिजेत, आणि सापडलेली रसायनं जाहीर झाली पाहिजेत. छातीत धाप घेऊन आलेल्या विशीतल्या मुलाला डॉक्टरांनी, आईवडिलांना खोलीबाहेर पाठवून, तू काय ओढतोस आणि कुठून आणतोस हे विचारलं पाहिजे. आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक सुरू आहे. तो तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो. मिश्रीवाल्या बाईलाही तो चालतो.